बेचाळीस दिवसांनंतर

जर्मनीच्या पश्चिम भागात आयफेल नावाचा डोंगराळ व अरण्यमय प्रदेश आहे. तेथे न्यूर्बुर्ग नावाचे एक लहानसे खेडे असून त्याच्या माथ्यावर मध्ययुगातील एका पडक्या किल्ल्याचा बुरूज उभा आहे. या किल्ल्याला वेढा घालणारा, केवळ मोटारींच्या शर्यतींसाठी असा एक मार्ग बांधण्याचे काम १९२५ साली सुरू झाले. त्या काळी त्या भागात बेकारी फार होती. या कामामुळे अनेकांच्या पोटापाण्याची सोय झाली आणि १९२७ साली मार्ग तयार झाला. हाच न्यूर्बुर्गरिंग होय.

त्याची एक फेरी सुमारे २२.८ किलोमीटरांची होती. मुंबईच्या चर्चगेट स्थानकापासून अंधेरी स्थानक जेवढे दूर आहे, जवळजवळ तेवढेच हे अंतर. एवढ्या वाटेत मार्ग कधी दाट झाडीत शिरतो, कधी दरीत उतरतो, कधी एकदम टेकडीच्या माथ्यावर चढतो. सर्वांत उंच व सर्वांत सखल ठिकाणांत सुमारे ३०० मीटरांचा फरक आहे. एका टोकाला स्वच्छ ऊन पडलेले असावे आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला पाऊस कोसळत असावा, हे तेथे नित्याचेच. स्कॉटलंडचा विख्यात मोटारचालक जॅकी स्ट्युअर्ट याने या मार्गाला ‘हिरवा नरक’ असे नाव दिले, आणि ते कायमचे चिकटले. येथे १ ऑगस्ट १९७६ रोजी जे घडले आणि त्यानंतर बेचाळीस दिवसांनी व आणखी काही आठवड्यांनी जे घडले, त्याची ही हकिकत आहे.

निकी लाउडा याचा जन्म २२ फेब्रुवारी १९४९ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीत एका धनाढ्य उद्योजक घराण्यात झाला. घरात लक्ष्मी पाणी भरत होती. परंतु नातवाने मोटारींच्या शर्यतीत उतरावे, हे आजोबांना मुळीच मान्य नव्हते. घरून पैसा मिळण्याची आशा संपली, तेव्हा या तरुणाने आपल्या आयुष्याचा विमा तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढले आणि शर्यतीच्या संघात जागा मिळविली. हे कृत्य अविचाराचे होते, असे वडीलधारी मंडळी म्हणतील आणि ते खोटे नाही. पण चाक हाती घेतल्यावर मात्र हा तरुण अविचारी राहत नसे. यंत्राच्या बारीकसारीक आवाजावरून व हेलकाव्यावरून तो दोष ओळखी आणि तंत्रज्ञांना तो नेमक्या शब्दांत सांगे. रात्र रात्र खपून मोटार सुधारून घेण्याची त्याची चिकाटी विलक्षण होती. १९७४ साली तो इटलीच्या फेरारी संघात गेला व १९७५ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

फॉर्म्युला वन ही मोटारशर्यतींतील सर्वांत वरची श्रेणी. वर्षभर निरनिराळ्या देशांत शर्यती होतात. त्या काळी पहिल्या सहा क्रमांकांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ आणि १ असे गुण मिळत आणि ज्याच्या गुणांची बेरीज वर्षाअखेर सर्वांत अधिक, तो जगज्जेता ठरे. गुणांचा हा हिशेब ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९७५ साली न्यूर्बुर्गरिंगवर शर्यतीपूर्वीच्या चाचणीत लाउडाने एक फेरी ७ मिनिटांच्या आत पुरी केली. असा पराक्रम तोवर कोणीही केला नव्हता. म्हणून पुढच्या वर्षी त्यानेच जेव्हा चालकांच्या सभेत सांगितले, की हा मार्ग शर्यतीस योग्य नाही आणि आपण येथे शर्यत करू नये, तेव्हा ‘याला येथे वेगाने जाता येत नाही म्हणून हा बोलतो’ असे म्हणण्याची सोय कोणाला उरली नव्हती. त्याचे म्हणणे सरळ होते. मोटारींचा वेग वाढला आहे. बावीस किलोमीटरांच्या रानवाटेवर अपघात झाला, तर अग्निशामक आणि रुग्णवाहिका तेथवर वेळेत पोहोचणार कशा? सभेचे बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. लाउडाने ते मानले आणि शर्यतीच्या दिवशी तो इतरांबरोबर प्रारंभरेषेवर उभा राहिला.

त्या दिवशी मार्ग काही ठिकाणी ओला, काही ठिकाणी कोरडा होता. ओल्या रस्त्यासाठी खाचा असलेले टायर लागतात. त्या खाचांतून पाणी बाजूला फेकले जाते. कोरड्या रस्त्यावर मात्र ते लवकर झिजतात, म्हणून तेथे गुळगुळीत टायर घालतात. पहिल्या फेरीअखेर अनेकांप्रमाणे लाउडानेही ओले टायर बदलून कोरडे चढविले व गमावलेला वेळ भरून काढण्यासाठी तो वेगाने निघाला. दुसऱ्याच फेरीत, बेर्गवेर्क नावाच्या वळणाच्या अलीकडे, एका सौम्य डाव्या वळणावर त्याची मोटार एकाएकी उजवीकडे वळली, कडेच्या बांधावर आदळली आणि पेट घेऊन पुन्हा रस्त्याच्या मधोमध फेकली गेली. मागून येणारी ब्रेट लंगर याची मोटार तिच्यावर धडकली. यंत्राचा एखादा भाग तुटला असावा असे अनेकांचे मत आहे. पण अपघाताचे कारण निर्विवादपणे कधीच ठरले नाही.

लाउडाला त्यानेच सभेत वर्तविलेल्या संकटाने गाठले होते. साहाय्यक पथके दूर होती. ज्वाळांत शिरले ते त्याच्या बरोबरीचे चार स्पर्धक: इटलीचा आर्तुरो मेर्झारिओ, इंग्लंडचा गाय एडवर्ड्स, अमेरिकेचा ब्रेट लंगर आणि ऑस्ट्रियाचा हाराल्ड एर्टल. आपापल्या मोटारी सोडून ते धावले. मेर्झारिओने आगीत हात घालून लाउडाचे पट्टे सोडविले आणि सर्वांनी मिळून त्याला बाहेर ओढले. मेर्झारिओ आणि लाउडा यांचे आपसांत फारसे सख्य नव्हते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

लाउडाच्या डोक्यावरील हेल्मेट आधीच निसटले होते. त्याचा चेहरा व मस्तक भाजले, उजव्या कानाचा बराच भाग जळून गेला. तो बाहेर आल्यावर काही काळ उभाही राहू शकला, त्यामुळे पाहणाऱ्यांना संकट टळल्यासारखे वाटले. परंतु खरा घात डोळ्यांना दिसत नव्हता. जळत्या मोटारीतील विषारी, तप्त वायू श्वासाबरोबर त्याच्या छातीत गेला होता. फुप्फुसे भाजली होती आणि रक्तातील प्राणवायू भराभर घटत चालला होता. रुग्णालयात त्याची आशा सोडली गेली. ख्रिस्ती धर्मात मरणासन्न मनुष्यासाठी एक अखेरचा धर्मविधी असतो. तो करण्यासाठी एक धर्मगुरूही येऊन गेला. लाउडाला त्या वेळी भान होते. पुढे त्याने सांगितले आहे, की एका खोल गर्तेत अलगद उतरावे आणि सारे विसरावे असा मोह मनाला पडत होता. परंतु तो आजूबाजूच्या माणसांच्या आवाजांकडे कान लावून राहिला आणि आपले मन त्याने जागे ठेवले.

तो वाचला. शरीराच्या दुसऱ्या भागाची त्वचा काढून ती चेहऱ्यावर लावण्यात आली. व्हिली डुंगल नावाच्या ऑस्ट्रियन उपचारतज्ज्ञाने त्याच्याकडून व्यायाम करवून घेऊन त्याच्या शरीरात पुन्हा बळ आणले. तोवर दोन शर्यती होऊन गेल्या होत्या. इंग्लंडचा जेम्स हंट एकेक गुण जोडीत जवळ येत होता. फेरारी संघाने तर लाउडाच्या जागी कार्लोस रॉयटेमान या अर्जेंटिनाच्या चालकाची योजनाही करून टाकली होती. आणि १२ सप्टेंबर १९७६ रोजी, अपघातानंतर बेचाळिसाव्या दिवशी, इटलीतील मॉन्झा येथे होणाऱ्या शर्यतीत आपण उतरणार, असे लाउडाने जाहीर केले!

येथवर ऐकून तुम्हांला वाटेल, की या मनुष्याला भीती ठाऊकच नसावी. वृत्तपत्रांनी त्या वेळी तसेच लिहिले आणि लाउडानेही त्या वेळी तसेच सांगितले. प्रतिस्पर्ध्यांसमोर आपला दुबळेपणा कबूल करणे त्याला परवडणारे नव्हते. परंतु पुढे आपल्या आत्मकथनात त्याने खरी गोष्ट निर्भीडपणे लिहून ठेवली आहे. मॉन्झाच्या पहिल्या दिवशी सरावासाठी मोटारीत बसताच त्याचे अंग भीतीने ताठरून गेले होते. विहिरीत एकदा गटांगळी खाल्लेला मुलगा पुन्हा काठावर आणून उभा केला, की त्याचे पाय जसे जमिनीला खिळतात, तशी त्या जगज्जेत्याची अवस्था झाली.

तो मुक्कामावर परतला आणि विचार करू लागला. त्याच्या ध्यानात आले, की आपण आज पहिल्याच फेरीपासून पूर्वीच्या लाउडासारखी मोटार चालवू पाहत होतो. पूर्वीचा लाउडा जेथे ब्रेक लावी तेथेच लावायचा, पूर्वीच्याच वेगाने वळण घ्यायचे, असा हट्ट मन धरीत होते आणि शरीर त्याला नकार देत होते. दुसऱ्या दिवशी त्याने तो हट्ट सोडला. कोणाशी बरोबरी करायची नाही, घड्याळाकडे पाहायचे नाही, केवळ मोटार कशी वागते ते पाहत सावकाश जायचे, असे त्याने ठरविले. अशा काही फेऱ्या झाल्यावर हात सैल पडले, मोटारीचे बोलणे त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले आणि वेग न मागता आपोआप वाढला. चाचणीत तो पाचवा आला. फेरारीच्या तिन्ही मोटारींत त्याचीच मोटार सर्वांत पुढे होती.

शर्यतीच्या दिवशी त्याच्या जखमा ओल्याच होत्या. त्यांवर दाब पडू नये म्हणून हेल्मेटात आतून फेरफार केला होता. शर्यतीत तो चौथा आला. मोटारीतून उतरून त्याने डोक्यावरचे संरक्षक वस्त्र काढले, तेव्हा ते रक्ताने भिजून जखमांना चिकटले होते. चवथ्या क्रमांकाचे तीन गुण त्याच्या खात्यात जमा झाले.

पुढे वर्षाची अखेरची शर्यत आली. ती २४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी होती. लाउडाचे गुण ६८ होते, हंटचे ६५. त्या दिवशी सकाळपासून मुसळधार पाऊस लागला होता. धुके एवढे दाट होते, की पुढचा रस्ता दिसेना. अशा वेळी टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा एक थर साचतो. वेग वाढला, की टायर त्या थरावर उचलला जातो, त्याचा रस्त्याशी संबंध तुटतो आणि मग चाक फिरवा की ब्रेक दाबा, मोटार ऐकत नाही. पाण्यावर सोडलेल्या कागदी होडीप्रमाणे ती जाईल तिकडे जाते. शर्यतीचा प्रारंभ पुष्कळ लांबविण्यात आला. अखेर दिवस मावळण्यापूर्वी ती उरकावी म्हणून अंतिम आज्ञा झाली आणि मोटारी सुटल्या.

लाउडाची अडचण इतरांहून अधिक होती. आगीने त्याच्या पापण्या व अश्रुपिंड यांना इजा झाली होती. पापण्या नीट मिटत नव्हत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होते. दोन फेऱ्या झाल्या. लाउडाने मोटार मार्गावरून बाजूला घेतली, दुरुस्तीच्या जागी आणून उभी केली आणि तो खाली उतरला. जगज्जेतेपद समोर होते आणि ते हातचे जाण्याचा संभव त्याला पूर्णपणे ठाऊक होता.

फेरारीचा मुख्य तंत्रज्ञ माउरो फोर्गिएरी त्याच्याजवळ आला. लोक काय म्हणतील हे तो जाणून होता. इंजिनात बिघाड झाला असे आपण जाहीर करू, असे त्याने सुचविले. त्याचा हेतू चांगला होता. लाउडाने नकार दिला. मोटारीत कसलाही दोष नाही. अशा पावसात मोटार चालविणे हा वेडेपणा आहे असे मला वाटते, म्हणून मी थांबलो, हेच सांगावे, असा त्याचा आग्रह होता. त्या दिवशी आणखीही काही चालक याच कारणाने थांबले. ब्राझीलचा एमर्सन फिट्टिपाल्डी, जो स्वतः दोनदा जगज्जेता झाला होता, त्यांतच होता.

हंट मात्र चालत राहिला. शेवटच्या काही फेऱ्यांत त्याला टायर बदलण्यासाठी थांबावे लागले आणि तो मागे पडला. परंतु जिद्दीने पुढे येत त्याने तिसरा क्रमांक मिळविला. तिसऱ्या क्रमांकाचे गुण चार. ६५ आणि ४ मिळून ६९. एका गुणाने जगज्जेतेपद हंटचे झाले. लाउडा त्यापूर्वीच विमानतळाकडे निघाला होता. हंटच्या विजयात कमीपणा काढण्याचे कारण नाही; त्याने तो भर पावसात लढून मिळविला आणि लाउडाशी असलेली त्याची मैत्रीही पुढे टिकली. इटलीतील काही वृत्तपत्रांनी मात्र लाउडाला भित्रा ठरविले. सहा आठवड्यांपूर्वी मॉन्झात रक्ताळलेल्या मस्तकाने मोटार चालविणारा मनुष्य तो हाच, याचा त्यांना विसर पडला.

मला स्वतःला मॉन्झापेक्षा फुजीचा प्रसंग मोठा वाटतो. मॉन्झात लाखो लोकांच्या आशा त्याच्या पाठीशी होत्या. फुजीत तो एकटा होता आणि सोयीचे एक असत्य कोणीतरी आयते पुढे केले होते.

पुढचे वर्ष उजाडले. १९७७ साली लाउडा पुन्हा जगज्जेता झाला. त्या वर्षी त्याने जर्मनीतील शर्यतही जिंकली. पण ती न्यूर्बुर्गरिंगवर नव्हती, होकेनहाइम येथे होती. १९७६ नंतर त्या जुन्या लांब मार्गावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा कधी झालीच नाही. सभेत बहुमताने फेटाळलेले म्हणणे अपघाताने मान्य करविले. १९७९ साली शर्यती सोडून लाउडा स्वतःच्या विमान कंपनीच्या कामास लागला. १९८२ साली परत आला आणि १९८४ साली तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. या वेळी दुसरा आलेला आलँ प्रोस्त हा त्याच्याहून केवळ अर्ध्या गुणाने मागे होता. चेहऱ्यावरील व्रण झाकण्यासाठी लाउडाने शस्त्रक्रिया करून घेतली नाही. डोळ्यांचे काम नीट चालावे म्हणून जेवढी अवश्य तेवढीच करविली. डोक्यावर एक लाल टोपी घालून तो जन्मभर वावरला. २० मे २०१९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो निवर्तला.

न्यूर्बुर्गच्या किल्ल्याजवळ १९८४ साली एक नवा, आखूड आणि अधिक सुरक्षित मार्ग खुला झाला. १२ मे रोजी त्याच्या उद्घाटनासाठी एक गमतीची शर्यत ठेवली होती. सर्व नामवंत चालकांना एकाच बनावटीच्या, अगदी सारख्या मोटारी दिल्या होत्या. म्हणजे कोणाला यंत्राची सबब सांगता येऊ नये. आयर्टन सेना नावाचा ब्राझीलचा एक चोवीस वर्षांचा तरुण पहिला आला. दुसरा आला निकी लाउडा.

जुना मार्ग अजूनही आहे. काही भाग नव्या मार्गासाठी गेल्यामुळे त्याची फेरी आता सुमारे २०.८ किलोमीटरांची राहिली आहे. ठरलेल्या दिवशी शुल्क भरून सामान्य माणसेही आपापल्या मोटारी त्यावर चालवितात. ही हौशी मंडळी. त्यांना गुण मिळत नाहीत, पदके मिळत नाहीत. हाडे मात्र त्यांचीही मोडतात. त्यांतील एखादा मोठ्या अपघातातून उठून पुन्हा येतो, तेव्हा त्याला कोणी टाळ्या वाजवीत नाही. ज्याचा त्यानेच आपल्या मनाशी निवाडा करायचा असतो. शहाणा मनुष्य आधी वैद्याचा सल्ला घेतो, मोटार कसून तपासून घेतो, कोरडा दिवस निवडतो आणि शेजारी एखादा जाणता शिक्षक बसवितो. पहिल्या फेरीत मागून येणारे सारे त्याला ओलांडून जातात. तो त्यांना जाऊ देतो. बेर्गवेर्कच्या अलीकडचे ते डावे वळण दिसू लागले, की तो वेग कमी करतो, वळण नीट पाहून घेतो आणि पुढे जातो. काही जण एवढे करून पाहतात आणि आता पुरे, असे म्हणून मोटार घरी घेऊन जातात.

अभ्यास

१. न्यूर्बुर्गरिंगवर शर्यत करू नये, असे लाउडा का म्हणत होता? त्याच्या म्हणण्याला विशेष वजन का होते?

२. लाउडा रस्त्यावर उभा राहू शकला, तरी त्याच्या जिवाला धोका का होता?

३. मॉन्झा येथे सरावाच्या पहिल्या व दुसऱ्या दिवशी लाउडाच्या मोटार चालविण्यात कोणता फरक पडला, तो तुमच्या शब्दांत लिहा.

४. फुजीच्या शर्यतीत हंट दुसरा किंवा चौथा आला असता, तर दोघांचे गुण किती झाले असते? प्रत्येक वेळी जगज्जेता कोण ठरला असता?

५. फोर्गिएरीची सूचना लाउडाने मान्य करावयास हवी होती काय? वर्गात दोन पक्ष करून चर्चा करा.

६. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा: लक्ष्मी पाणी भरणे, गटांगळी खाणे, आशा सोडणे, सबब सांगणे.